६ चं १२ व्होल्ट करून घेताना कुठं फसवतात

निपाणीकडच्या एका जुन्या फर्ग्युसन टीओ-२० ट्रॅक्टरवर झालेलं '६ चं १२ व्होल्ट' काम, म्हणजे ६ व्होल्टची बॅटरी-चार्जिंग १२ वर नेण्याचं काम, उघडलं. मालकाला सांगितलेलं असं की अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) नवा, कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) नवी, सगळा माल कोल्हापूरहून आणलाय.

कॉइल जुनीच निघाली, वरून काळा रंग मारलेली. ओळखायला सोपं आहे: दोन्ही वायरी सोडवून प्लस-मायनसवर मल्टीमीटर लावा. १२ ची कॉइल साधारण ३ ओहम दाखवते, ६ ची दीडच्या आसपास. दीडवाली थेट १२ वर जोडली की ४ ऐवजी ८ अँपिअर ओढते. मग हात लाववत नाही इतकी तापते, आतलं तेल गळतं, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळतात, आणि तोच मिस्त्री दर महिन्याला पॉइंट विकतो. मध्ये दीड ओहमचा रेझिस्टर टाकला तर जुनी कॉइलही चालते. पण मग नवीचे पैसे कशाचे?

खरी लूट अर्थिंगमध्ये, म्हणजे बॅटरीची कुठली बाजू बॉडीला जोडायची यात. या ट्रॅक्टरला मुळात बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. नेहमीच्या अल्टरनेटरला बॉडीला मायनस लागतो. तसंच ठेवून केबल टेकवली की अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे) तिथंच उडतात. इथं तेच झालं, वर "माल खराब निघाला" म्हणून दुसऱ्या अल्टरनेटरचे पैसे उकळले. तोही भंगारातल्या कारचा, धुऊन रंगवलेला. अर्थिंग बदललं की कॉइलच्या आणि अँपिअर मीटरच्या वायरीही उलटवायच्या, नाहीतर चार्जिंग चालू असताना काटा डिस्चार्जकडे जातो.

चावी बंद करूनही इंजिन चालत राहिलं तर अल्टरनेटरच्या बारीक वायरीतून कॉइलला करंट मागे येतोय. त्या वायरीत एक डायोड किंवा चार्जिंगचा बल्ब हवा. किरकोळ खर्चाची वस्तू, तीच वगळतात.

सेल्फ (स्टार्टर मोटर) बदलायला सांगत असेल तर ऐकू नका. ६ चा सेल्फ १२ वर चालतो, फक्त फार वेळ दाबून धरू नये. बल्ब मात्र सगळे १२ चेच.

पैसे हातात ठेवण्याआधी बॅटरीवर मीटर लावा. इंजिन बंद असताना १२.५ च्या आसपास, रेस दिल्यावर १३.८ ते १४.४. आकडा हललाच नाही तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरीचं पाणी उकळणार. हेडलाइट लावून पुन्हा बघा.

उतरवलेला डायनामो (जुना चार्जिंगचा) आणि त्याचा कट-आउट (बॅटरीतून करंट मागे जाऊ न देणारा) घरी आणा. डायनामोत तांबं असतं, 'राहू दे इथंच' उगाच म्हणत नाहीत. बिल कन्नडमध्ये असो की मराठीत, त्यावर अल्टरनेटरचा नंबर लिहून घ्या.