कोकणच्या थंडीत कुठला परफ्यूम खुलतो आणि कुठला डोक्यात जातो

‘विंटर परफ्यूम’ म्हणून जे बाजारात येतं ते मुळात कडाक्याच्या थंडीत, लोकरी कोटाच्या आत लावायला बनवलेलं असतं. रत्नागिरी-मालवणकडे जानेवारीत पहाटे पारा जेमतेम २० च्या खाली उतरतो आणि दुपारी ३० च्या आसपास असतो. दापोलीला गारठा जरा जास्त, पण दुपार तिथेही दुपारच. किनाऱ्यावरची थंडी खरं तर संध्याकाळी सात ते सकाळी नऊ एवढीच. त्यामुळे इथे कुठलाही वास दोनदा तपासावा: पहाटे मतलई वारा असताना आणि दुपारी खारा वारा सुटल्यावर. खालची मतं याच कसोटीवर दिली आहेत.

गारव्यात अंगावरचा सुगंध सावकाश उडतो. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास त्यात पातळ लागतात. व्हॅनिला, ऊद (म्हणजे अगरूच्या लाकडाचा वास), अंबर, मसाले, राळ हे जड वास मात्र हळूहळू सुटतात आणि म्हणूनच थंडीत गोड वाटतात. तेच जड वास उन्हात एकदम उसळतात आणि शेजारच्या माणसाचं डोकं धरतं.

डेव्हिडॉफचं ‘कूल वॉटर’ १९८८ पासून चालत आलंय आणि कोकणात बारमाही वापरणारे भरपूर आहेत. एप्रिलच्या घामात ते उत्तम. डिसेंबरच्या सकाळी मात्र त्यातला साबणासारखा ताजेपणा तेवढा टोचतो, पुढचं काही उमलत नाही. थंडीसाठी नवं घ्यायचं असेल तर हे नको. घरात असेल तर दुपारी वापरा.

‘खमरा’ हे लताफाचं ओ द पार्फम (म्हणजे दाट प्रकारचं परफ्यूम) सध्या फार खपतंय. दालचिनी, जायफळ, खजूर, प्रालिन (साखर-बदामाची मिठाई) आणि खाली दाट व्हॅनिला. रात्रीच्या लग्नाला, जत्रेला, दशावतार बघायला बसताना बेस्ट. उघड्यावर गार हवेत त्याचा खजूर-दालचिनीचा भाग फार छान सुटतो. पण सकाळच्या एसटीत खिडक्या बंद असतात, तिथे चार फवारे मारून बसलात तर कंडक्टरही मागे जाऊन उभा राहील. दुपारी तर तो चक्क मिठाईच्या दुकानासारखा येतो. प्रमाण एक फवारा, तोही शर्टाच्या आत छातीवर. दोन म्हणजे डोक्यावरून पाणी.

गेर्लांचं ‘शालिमार’ १९२५ चं, म्हणजे शंभरी गाठलेलं. वर बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ), खाली व्हॅनिला आणि धुरकट राळ. रेशमी साडी, अबोलीचा गजरा आणि रात्रीचं रिसेप्शन असेल तर याला तोड नाही. फक्त साडीवर फवारू नका: अल्कोहोलने रेशमावर आणि जरीवर डाग उमटू शकतो. शिवाय व्हॅनिलाचा मुख्य घटक व्हॅनिलिन हवा लागून तपकिरी होतो, त्यामुळे पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर पिवळट कड दिसू लागते. ती धुण्याने सहसा जात नाही.

एकच बाटली घ्यायची, सकाळ-दुपार-रात्र तीच चालवायची, तर माझा कौल ‘टेर द’हर्मेस’ला. २००६ साली आलेलं हे ओ द तॉयलेट (ओ द पार्फमपेक्षा सौम्य): संत्रं, मिरी, देवदार आणि वाळा. पहाटे मिरी-देवदार बोलतात, उन्हं चढली की संत्रं आणि वाळा सांभाळून घेतात. किंमत खिशाला चिमटा घेणारी आहे हे खरं, पण किनाऱ्याच्या दुटप्पी हवेला इतका नीट जुळणारा दुसरा वास पटकन सुचत नाही. पुरुषांचा म्हणून विकतात. त्याकडे बिनदिक्कत दुर्लक्ष करावं.

आता अत्तरं. थंडीचं खरं घर इथेच आहे.

उत्तर प्रदेशातल्या कनौज या अत्तरांच्या गावाची जुनी रीत अशी की उन्हाळ्यात वाळा, मोगरा, गुलाब, मिट्टी. थंडीत हिना, शमामा, केशर, ऊद. शमामा हे कुठल्या एका फुलाचं अत्तर नव्हे. तांब्याच्या डेगेत जडीबुटी आणि मसाले उकळून त्यांची वाफ भपक्यातल्या, म्हणजे वाफ धरायच्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरवतात, आणि हे टप्प्याटप्प्याने, अनेक दिवस चालतं. त्यात काय काय असतं? दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, कपूरकचरी, वेलची, जायफळ, लवंग. प्रत्येक घराण्याची यादी वेगळी, पण या मंडळींना कोकणी घरात कुणी परकं म्हणणार नाही. अर्धी मसाल्याच्या डब्यातली, अर्धी दिवाळीच्या उटण्यातली. म्हणूनच पहिल्यांदा वास घेणाऱ्यालाही शमामा ओळखीचा लागतो. लावल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं तो औषधी, कडवट येतो; इथेच बरेच जण नाक मुरडून बाटली परत करतात. अर्ध्या तासाने कडवटपणा बसतो आणि मग ऊबदार, मातकट, किंचित धुराचा वास सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहतो. हिना हा त्याचा जवळचा भाऊ. त्यात मेंदीचा हिरवट गोडवा असतो आणि तो दुपारीही फारसा अंगावर येत नाही.

प्रमाण: काडीच्या टोकाला लागेल तेवढं. ते मनगटाच्या आतल्या बाजूला आणि कानामागे, किंवा कापसाचा फाया कानाच्या पाळीत. थंडीत कातडी कोरडी पडते आणि कोरड्या कातडीवर सुगंध टिकत नाही, म्हणून आधी बिनवासाच्या व्हॅसलिनचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका चोळून घ्या. खोबरेल नको. घाण्याच्या खोबरेलाला स्वतःचा वास असतो आणि तो शमामाच्या तोंडी लागतो. मनगटं एकमेकांवर घासू नका, वरचे हलके वास लवकर उडून जातात. हिना-शमामा कपड्याला लावायचा तर गडद कपड्याच्या आतल्या शिवणीला. पांढऱ्या सुतीवर डाग पडतो.

दुपारी बाहेर पडणार असाल तर हिन्यावर वाळ्याच्या अत्तराचा अगदी छोटा ठिपका लावून पाहा. वाळा हिन्याची ऊब खाली बसवतो. दोन्ही समप्रमाणात नको. वाळा जास्त झाला तर हिना मरतो.

विकत घेताना सगळ्यात जास्त फसगत नावाने होते. अत्तर तोळ्यावर विकतात, एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. चंदनतेलाचा भाव पाहता दीडशे-दोनशे रुपयांच्या बाटलीत चंदनाचा आधार असणं शक्यच नाही. तिथे लिक्विड पॅराफिन किंवा तसलंच बिनवासाचं द्रावण असतं. ऊदाचंही तेच: तीनशे रुपयांत मिळतो तो कारखान्यातला ऊद. तो वाईट असतोच असं नाही, कित्येकदा वापरायला जास्त सोपा असतो. फक्त अस्सल म्हणून दाम मोजू नका. कागदावर थेंब टाकून ‘बघा डाग राहिला, म्हणजे भेसळ’ असं दाखवणाऱ्यावर विसंबू नये, कारण चंदनतेलाचा डागही बराच वेळ राहतो. त्या परीक्षेतून काहीच सिद्ध होत नाही.

दुकानात एका वेळी तीनच वास घ्या. आधी कागदाच्या पट्टीवर, मग त्यातला जो आवडलाय तो मनगटावर. मग दुकानाबाहेर पडा, बाजार करा, अर्ध्या तासाने पुन्हा हुंगा. पैसे तळाच्या वासाला मोजायचे असतात, पहिल्या फवाऱ्याला नव्हे. मध्ये मध्ये कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा स्वतःच्या बाहीचा वास घेतलेला बरा. आणि शक्यतो मासळीबाजारात जाण्याआधी हे उरका. सुकटीचा वास नाकात असताना ऊद आणि अंबर यांत फरक कळणार नाही.

किती घ्यायचं, याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे १०० मिलीच्या बाटलीत हजारेक फवारे. कोकणात थंडी धरून चालू नव्वद दिवस; रोज दोन फवारे धरले तरी १८ मिली होतात. १०० मिलीची बाटली पाच हिवाळे पुरेल, तोवर तिचा वरचा ताजा वास कधीच विटलेला असेल. म्हणून जड परफ्यूम ३० मिलीचाच घ्या, किंवा १० मिलीच्या दोन कुप्या भरून घ्या. अत्तर ३ मिली पुरे.

लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत स्वतःचा वास स्वतःला येईनासा होतो. तो उडालेला नसतो, नाक सरावलेलं असतं. अशा वेळी पुन्हा फवारण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा. बर्गमॉट असलेलं काही लावून भर उन्हात किनाऱ्यावर जायचं असेल तर ते उघड्या मानेवर नको. त्या फळाच्या कच्च्या तेलाने उन्हात कातडीवर काळे चट्टे उठू शकतात, आणि स्वस्त बाटलीत कुठलं तेल आहे ते कुणी सांगत नाही.

बाटली खोक्यातच, कपाटात कपड्यांच्या खाली ठेवा. न्हाणीघरातल्या फळीवर किंवा स्कूटरच्या डिकीत नको. खाऱ्या हवेत फवाऱ्याच्या गळ्याची धातूची कडी खराब होऊ शकते. महिन्यातून एकदा गळा कोरड्या फडक्याने पुसला तरी भागतं. अत्तराच्या कुपीचं काचेचं बूच चिकटलं तर ओढू नका, गळा कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने मिनिटभर शेकून गोल फिरवा.