कोमो की गार्दा?

मिलानला उतरून तीन दिवस तळ्याकाठी काढायचेत, सोबत सासू-सासरे आणि दोन लहान मुलं. इटलीतल्या तळ्यांपैकी कोमो घेऊ की गार्दा, असं भाचीने विचारलं.

पोहोचायला दोन्ही सोपी. मिलानो चेंत्राले या मिलानच्या मुख्य स्थानकाहून कोमोकाठच्या वारेन्ना गावाला थेट रेल्वेने साधारण तासाभरात पोहोचता येतं. गार्दाकाठची देसेन्झानो आणि पेस्किएरा ही स्थानकं मिलान-व्हेनिस मार्गावरच आहेत, म्हणजे पुढे व्हेरोना-व्हेनिस करायचं असेल तर उलटं फिरणं नको.

देखाव्यात मात्र माझं मत कोमोला. अरुंद, चारशे मीटरहून खोल पाणी आणि दोन्हीकडून थेट उठणारे डोंगर! वारेन्नाहून बोटीने पंधरा-वीस मिनिटांत बेलाजिओ. तिथल्या व्हिला मेल्झीच्या बागेत काठाने निवांत चालावं. पण गावातल्या गल्ल्या म्हणजे दगडी पायऱ्याच. गुडघे दुखणाऱ्यांचे हाल होतात, हे आधीच लक्षात घ्या.

गार्दा इटलीतलं सर्वांत मोठं तळं, सुमारे 370 चौरस किलोमीटर. दक्षिण काठ सपाट, मुलांना पाण्यात खेळायला सोयीचा. सिर्मिओनेचा पाण्यात उभा किल्ला त्यांना नक्की आवडेल, गार्दालँड हे मनोरंजन उद्यानही जवळच. मालचेसिनेहून केबलकारने मोंते बाल्दोवर गेलं की आजी-आजोबांनाही न चढता डोंगर दिसतो.

खर्चात बेलाजिओ महाग. गार्दाला गावं जास्त, त्यामुळे राहण्याचे पर्यायही जास्त.

भाचीला मी गार्दाच सांगितलं. दोघांनीच जायचं असेल आणि दोनच दिवस असतील तर कोमो, मुक्काम वारेन्नात. हिवाळ्यात दोन्हीकडे बोटी कमी आणि बरीच हॉटेलं बंद असतात. मे किंवा सप्टेंबर गाठा.