लॅंगेनडॉर्फ सेट: तोटीला पैकीच्या पैकी, कोठडीने घात केला

आठ महिने हा सेट जवळजवळ रोज वापरतेय, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. बाहेर काढलेलं प्राण्याचं हृदय (आमच्याकडे उंदराचं) महाधमनीतून उलटं द्रावण सोडून धडधडत ठेवायचं, ही युक्ती ऑस्कर लॅंगेनडॉर्फची, 1895 सालची. काच सोडली तर तेव्हापासून फारसं काही बदललेलं नाही.

आधी तोटी, कारण आमचा सगळा खेळ तिच्यावर. प्रवाह तोडला की हृदय उपाशी मरायला लागतं, ते ठीक. पण प्रवाह परत सोडला की पहिल्या काही मिनिटांत वेगळीच पडझड होते. कॅल्शियमचा लोंढा येतो, ऑक्सिजनचे घातक रेणू उसळतात, आणि ज्या आम्लामुळे मायटोकॉन्ड्रियातली छिद्रं मिटून होती ते धुऊन निघतं. छिद्रं उघडली की पेशीचा कारभार आटोपला. अ‍ॅडेनोसिन किंवा ब्रॅडिकायनिनचा (शरीरातलेच रेणू, इथे औषध म्हणून) निरोप वेळेत मिळाला, तर आतली किनेझ नावाच्या विकरांची साखळी ही छिद्रं दाबून धरते. वेळेत म्हणजे अगदी त्याच मिनिटांत. जुन्या सेटमध्ये औषधाला हातभर नळी पार करावी लागायची. इथे तोटीपासून कॅन्युलापर्यंत (महाधमनीत बसवलेली नळी) बोटभर अंतर आहे, आणि तोटी फिरवताना बुडबुडा आत जात नाही. (एक बुडबुडा गेला की दिवस गेला.)

प्रवाह दीर्घकाळ तोडण्याआधी पाच-पाच मिनिटं चार वेळा अडवून सोडायचा, म्हणजे हृदयाला आधीच सरावायचा, प्रयोगही याच तोटीवर झकास होतो. 1986 साली मरी, जेनिंग्ज आणि राइमर यांनी कुत्र्यांमध्ये तो केला, तेव्हा मृत भाग सुमारे चौथाईवर आला होता.

आता कोठडी, म्हणजे हृदय ज्यात टांगतात ते ऊबदार भांडं. प्रयोग संपला की हृदयाच्या चकत्या टीटीसी या रंगद्रव्यात बुडवतो: जिवंत भाग विटकरी लाल, मेलेला पांढरट. अर्धा तास प्रवाह तोडलेली, औषध न दिलेली हृदयंही लालबुंद निघायला लागली. औषध दिलेलीही लालच. फरक शून्य. औषध कुचकामी, असं वहीत लिहून टाकणारच होते. मग सहज हृदयाशेजारी तापमापीची तार सोडली: 33 अंश! थंडीच हृदय वाचवत होती, औषधाला काम उरलंच नव्हतं.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, "मॅडम, द्रावण 37 अंशांवर आहे ना?" आहे हो, वाहत असताना. पण तो अर्धा तास काही वाहतच नाही, आणि कोठडीची भिंत एकटी ऊब धरत नाही.

आता प्रवाह तोडला की हृदय कोमट द्रावणाच्या बीकरमध्ये बुडवून ठेवते. नियंत्रण गटातल्या चकत्या पुन्हा पांढऱ्या दिसायला लागल्या आहेत. पाचपैकी साडेतीन तारे. कोठडी वगळून सेट मिळत असेल तर तसाच घ्या, बीकर पुरतो.