व्हॉट्सॲप रिव्ह्यू: गप्पांसाठी पाच स्टार, बातमीसाठी दोन

व्हॉट्सॲपचा रिव्ह्यू लिहिताना लोक कॉल क्वालिटी, बॅकअप, स्टिकर याच्यावर लिहितात. मला वेगळ्याच गोष्टीवर लिहायचंय. कितीतरी घरांत आता पेपर बंद झालाय, टीव्हीवरच्या बातम्या पूर्ण कोणी बघत नाही, आणि धर्म, राजकारण, क्रिकेट यातलं जे काही कळतं ते फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप नाहीतर शाळेच्या बॅचच्या ग्रुपवरून कळतं. म्हणजे हे बातम्यांचं ॲप झालेलंच आहे, तर रिव्ह्यूही तसाच झाला पाहिजे.

मेसेजिंग म्हणून काही प्रश्नच नाही. परदेशातल्या पोराशी व्हिडिओ कॉल, भाजीवाल्याला ऑर्डर, डॉक्टरांना रिपोर्टचा फोटो, सगळं चालतं, आजी पण वापरते. पाच स्टार.

आता बातमी. यातलं सगळ्यात महत्त्वाचं फीचर म्हणजे फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर येणारा तो छोटा बाण, आणि तो का आला हे आपण महाराष्ट्रातल्यांनी तरी विसरू नये. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं, भिक्षा मागत फिरणारी गरीब माणसं, मंगळवेढ्याकडची. कारण काय तर मुलं पळवणारी टोळी आलीय ही अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्या काळात देशभर एक व्हिडिओ पण फिरत होता, मोटरसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यावरच्या पोराला उचलून नेतात. तो होता कराचीतला, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म, मूळ फिल्ममध्ये ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि पुढे संदेशाचा फलक दाखवतात. तेवढा शेवट कापून बाकीचं फिरवलं. आणि हे फक्त राज्याबाहेरून आलेल्या कोणाबद्दल नव्हतं, आपलीच माणसं आपल्याच माणसांना ओळखेनाशी झाली.

त्याच महिन्यात 'फॉरवर्डेड' लेबल आलं, भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आली, फोटो-व्हिडिओशेजारचं झटपट फॉरवर्डचं बटण काढलं. जानेवारी 2019 पासून पाचची मर्यादा जगभर लागू केली. पुढे डबल बाण आला, म्हणजे मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरत आलाय, आणि एप्रिल 2020 पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. कंपनीने सांगितलं की त्यानंतर असे मेसेज 70 टक्क्यांनी कमी झाले. आकडा त्यांचाच आहे, पण मला त्यात तथ्य वाटतं, कारण माणसाला दोन सेकंद थांबावं लागलं की निम्मा राग तिथेच उतरतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक आजोबा आहेत, डबल बाण दिसला की शांतपणे विचारतात, "कुठून आलं हे? तारीख काय?" हळूहळू बाकीचे पण विचारायला लागलेत. या फीचरला माझे पूर्ण मार्क.

पण अडचण इथेच आहे. मेसेज किती फिरला एवढंच बाण सांगतो, तो निघाला कुठून आणि त्यातलं काय कापलं ते सांगत नाही. एंड टू एंड एन्क्रिप्शन असल्यामुळे कंपनीलाही आत काय आहे ते दिसत नाही, आणि ते तसंच राहिलं पाहिजे, माझं खाजगी बोलणं कोणी वाचलेलं मला चालणार नाही. पण मजकूर कॉपी करून पेस्ट केला की बाण गायब. स्क्रीनशॉट काढून टाकला की तो नवा कोरा फोटो, हिशोब परत शून्यापासून.

क्रिकेटमध्ये हे सगळ्यात स्पष्ट दिसतं कारण तिथे स्कोअरकार्ड असतं, पडताळता येतं. 24 ऑक्टोबर 2021, दुबई, टी-20 वर्ल्ड कप, पाकिस्तानने आपल्याला 10 विकेटनी हरवलं. 152 रन, एकही विकेट नाही, म्हणजे आपल्या कुठल्याच बॉलरला काही मिळालं नाही. पण शिव्या पडल्या मोहम्मद शमीला, त्याच्या इन्स्टाग्रामवर जाऊन, त्याच्या धर्मावरून. कोहलीने पत्रकार परिषदेत उघडपणे शमीची बाजू घेतली तर कोहलीच्याच तान्ह्या मुलीबद्दल ऑनलाइन धमकी आली, मुंबई पोलिसांनी हैदराबादहून एकाला पकडून आणलं. त्याच शमीने 15 नोव्हेंबर 2023 ला आपल्या वानखेडेवर न्यूझीलंडच्या 7 विकेट घेतल्या तेव्हा तो सगळ्यांचा लाडका. मग मार्च 2025, परत दुबई, चॅम्पियन्स ट्रॉफीची सेमीफायनल, रमजानचा महिना, शमी मैदानावर एनर्जी ड्रिंक पितानाचा फोटो निघाला आणि एका मौलानाने रोजा ठेवला नाही म्हणून त्याला गुन्हेगार ठरवलं. आता शिव्या दुसऱ्या बाजूने. प्रवासात असलेल्या माणसाला रोज्याची सवलत कुराणातच आहे, आणि त्या दिवशी त्याने 10 ओव्हर टाकून 48 रनमध्ये 3 विकेट काढल्या होत्या, पण फोटोत दिसते ती बाटली. एकच माणूस, एकदा मुसलमान म्हणून नको आणि एकदा पुरेसा मुसलमान नाही म्हणून नको. मला याचा फार त्रास होतो.

आपला शीख बॉलर अर्शदीप सिंग, त्याचं पण तेच. 4 सप्टेंबर 2022 ला आशिया कपात पाकिस्तानविरुद्ध त्याच्या हातून आसिफ अलीचा कॅच सुटला, कोणीतरी त्याच्या विकिपीडिया पानावर भारताच्या जागी खलिस्तान लिहिलं. ते लवकरच दुरुस्त झालं, सरकारने विकिपीडियाकडे जाब पण मागितला, पण स्क्रीनशॉट फिरत राहिला, त्याला दुरुस्ती कोण करणार? शेवटच्या ओव्हरमध्ये फक्त 7 रन हवे असताना याच पोराने मॅच पाचव्या बॉलपर्यंत खेचली, त्याच आसिफला आउट केलं, हे किती जणांना आठवतं? ज्यांनी मॅच बघितली त्यांनाच.

राजकारणात तर स्कोअरकार्ड पण नसतं. 2024 च्या विधानसभेला 20 नोव्हेंबरला मतदान, आणि 19 च्या संध्याकाळी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने बिटकॉइनबद्दलच्या ऑडिओ क्लिप बाहेर आल्या. आवाज माझा नाही म्हणत सुप्रियाताईंनी तक्रार केली. तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, सकाळी सातला मतदान सुरू होणार असेल तर रात्रीतून सामान्य माणसाने आवाज खरा की खोटा ते कसं तपासायचं? क्लिप पोचायला सेकंद लागतात आणि तपासाला दिवस, आणि मत तर दिलेलं असतं.

मराठी वापरणाऱ्यासाठी मदत अजून कमी पडते. 2024 च्या मार्चमध्ये डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे व्हिडिओ आणि आवाज, तपासायला व्हॉट्सॲपवर हेल्पलाइन सुरू झाली तेव्हा इंग्रजीसोबत हिंदी, तमिळ, तेलुगू होत्या, मराठी नव्हती. न्यूजचेकर, विश्वास न्यूज मराठीत पडताळणी छापतात ते बघत जा, चांगलं काम आहे. पण ते ग्रुपवर कोणीतरी आणून टाकावं लागतं, आपोआप येत नाही.

तर माझ्याकडून गप्पांसाठी 5 आणि बातमीसाठी 2, ते दोन्ही त्या बाणाला. तिसरा द्यायला मी तयार आहे. डबल बाण मोठा आणि मराठीत ठळक दिसू दे, आमच्या घरातल्या मोठ्यांना ते बारीक चिन्ह चष्मा लावूनही दिसत नाही, आणि डबल बाणाचा मेसेज दाबून धरला की पडताळणीची लिंक तिथेच मराठीत मिळू दे. तोवर मॅचबद्दल काही आलं तर आधी स्कोअरकार्ड उघडा, आणि धर्माबद्दल काही आलं तर पूर्ण व्हिडिओ मागा. नाही मिळाला तर पुढे पाठवू नका.