काट्यावरचा कॉम्प्युटर आणि नागपूरचा सर्व्हर: रिक्वायर लावावं की व्हेरिफाय-फुल?

वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर वणीकडच्या जिनिंगमध्ये, पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर नागपुरात आणि मधे मोबाइलचं नेट. कापसाच्या गाडीच्या वजनासोबत शेतकऱ्याचा बँक खाते नंबरही याच वाटेने जातो. त्यामुळे ही जोडणी किती सुरक्षित असावी ते ठरवणाऱ्या ‘एसएसएलमोड’ या सेटिंगकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

काहीच बदललं नाही, तर क्लायंट, म्हणजे काट्यावरून सर्व्हरशी जोडणारा प्रोग्राम, ‘प्रिफर’वर चालतो. सर्व्हरने एन्क्रिप्शन (वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून माहिती कुलूपबंद करणं) दिलं तर घेतो, नाही दिलं तर मुकाट्याने उघडी जोडणी करतो. हा पर्याय सोडूनच द्या.

‘रिक्वायर’ लावायला सोपं. माहिती एन्क्रिप्ट होते, पण समोरचा सर्व्हर आपलाच आहे का, हे तपासलं जात नाही. गाडीवर ताडपत्री घट्ट बांधली, पण ती कोणाच्या जिनात रिकामी होतेय ते पाहिलंच नाही, अशातली गत.

‘व्हेरिफाय-फुल’ दोन गोष्टी बघतं: सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, आपल्या विश्वासातल्या रूटचं (ते देणाऱ्या मूळ सहीकर्त्याचं) आहे का, आणि त्यावरचं नाव आपण जोडतोय त्या नावाशी जुळतं का. मेहनत मात्र आहे. रूट सर्टिफिकेटची फाइल प्रत्येक काट्यावर ठेवावी लागते, मुदत संपण्याआधी सर्टिफिकेट बदलावं लागतं. आणि घड्याळ! जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला असला की लाइन जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, सर्टिफिकेट ‘अजून लागू नाही’ ठरतं आणि गाड्या ताटकळतात. अशा वेळी सेल बदला, सेटिंग खाली आणू नका.

एसएसएच टनेल, म्हणजे दोन मशीनमधला एन्क्रिप्ट केलेला बोगदा, हाही चांगला. पोस्टग्रेसचा 5432 पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवावा लागत नाही. पण नेट तुटलं की टनेलही तुटतो, तो आपोआप पुन्हा उभा राहील अशी सोय करावी लागते. काट्यावर जाणकार माणूस नसेल तर मी तो सुचवणार नाही.

माझं मत व्हेरिफाय-फुलच. मायएसक्यूएल असेल तर त्याच कामाला ‘व्हेरिफाय-आयडेंटिटी’ आहे. क्लायंट आणि डेटाबेस एकाच मशीनवर असतील, तर हा खटाटोप नको.

कोणाला कशी जोडणी द्यायची ते ठरवणाऱ्या सर्व्हरच्या पीजी_एचबीए फाइलमध्ये बाहेरच्या जोडण्यांसाठी ‘होस्ट’ऐवजी ‘होस्टएसएसएल’ (फक्त एन्क्रिप्ट जोडणी) लिहा. सर्व्हरवरच्या पीजी_स्टॅट_एसएसएल या यादीत जोडणी एन्क्रिप्ट आहे का ते दिसतं, पण क्लायंटने सर्व्हरची ओळख तपासली का ते नाही. त्यासाठी नावाऐवजी मुद्दाम सर्व्हरचा आयपी (आकड्यांतला पत्ता) टाकून बघा. सर्टिफिकेटवर फक्त नाव असेल, तर जोडणी नाकारलीच गेली पाहिजे.