सेव्हन कार्ड स्टड : दोघांच्या कात्रीत सापडलेला तिसरा

न्यू जर्सीतली जी मराठी मंडळी दिवाळीत तीन पत्ती झाली की "आता जरा खरं पोकर शिकूया" म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. विशेषतः कुणी "ओळखीतल्याच घरी छोट्या लिमिटचा स्टडचा डाव असतो, येतोस का?" असं विचारत असेल तर. मलाही असंच विचारलं होतं, आणि तिथे मला पद्धतशीर लुटलं. पत्त्यांवर खुणा नव्हत्या की कुणाच्या बाहीत एक्का नव्हता. जे झालं ते डोळ्यांदेखत आणि वरवर पाहता नियमात बसवून झालं.

खेळ माहीत नसेल तर लबाडी कळायची नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो. सेव्हन कार्ड स्टडमध्ये प्रत्येकाला स्वतःचे सात पत्ते मिळतात. सुरुवातीला दोन झाकलेले आणि एक उघडा, मग एकेक करून तीन उघडे, आणि शेवटचा पुन्हा झाकलेला. सातांतले उत्तम पाच धरायचे. आपल्या बूटसारखी इथे अँटी असते. पहिल्या फेरीत ज्याचा उघडा पत्ता सगळ्यांत लहान, त्याला सक्तीने थोडे पैसे टाकून बोली उघडावी लागते. पुढच्या फेऱ्यांत ज्याचे उघडे पत्ते भारी, तो आधी बोलतो. ५-१० लिमिट म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या पत्त्याला पाच डॉलरची चाल, पाचव्यापासून दहाची. एका फेरीत साधारणपणे एक बेट (पहिली चाल) आणि तीन रेज (ती चढवणं), म्हणजे दहाच्या फेरीत माणशी जास्तीत जास्त चाळीस.

अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंत १९९३ मध्ये पोकर आलं तेव्हा याच खेळाचा बोलबाला होता. २००३ नंतर टेक्सस होल्डेमची लाट आली आणि स्टड जुन्या खेळाडूंपुरता उरला. होल्डेममध्ये मधले पाच पत्ते सगळ्यांचे असतात. स्टडमध्ये सामाईक काही नाही, त्यामुळे कुठले पत्ते मेले याचा हिशेब हाच अर्धा खेळ. तुमच्या हातात दोन राजे आहेत आणि उरलेले दोन समोर उघडे पडलेत, तर तुमच्या जोडीत पुढे काही दम नाही. तुम्ही पॅक झालेल्यांचे उघडे पत्ते लक्षात ठेवत बसता, आणि समोरचे दोघं एकमेकांना झाकलेले पत्तेही कळवत असतील, तर तुम्ही आणि ते एकच खेळ खेळतच नसता.

डाव एका बेसमेंटमध्ये होता. यजमान निवृत्त, बोलका, नव्या माणसाला नियम समजावून सांगणारा. पिझ्झा, बिअर, चांगल्या जड चिपा. प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात मधे जमलेल्या पैशांतून, दोन डॉलर कॉफीच्या डब्यात जायचे, "पिझ्झ्याचे" म्हणून. इतक्या पैशांत पिझ्झ्याचं दुकान चालेल, हे गणित मी तेव्हाच केलं होतं, पण घरोघरी अशी काहीतरी प्रथा असते म्हणून सोडून दिलं.

ज्या डावाने सगळं उघड झालं तो असा. माझे झाकलेले दोन राजे, वर नव्वी. यजमानाची वर छक्की. त्याच्या नेहमीच्या जोडीदाराचा वर एक्का, आणि त्याने लगेच पाच डॉलरपर्यंत चढवलं. मी पाच भरून डावात राहिलो, यजमानही राहिला, बाकीचे पॅक. चौथ्या पत्त्याला पाच-पाच. पाचव्याला मला दुसरी नव्वी आली. आता राजे आणि नव्व्या, दोन जोड्या, त्यातली नव्व्यांची उघड. म्हणजे बोलणार मी आधी. दहा टाकले. यजमानाची उघडी पानं छक्की, गुलाम, राणी, साधी दिसणारी, तरी त्याने वीस केले. जोडीदाराने एक्का, अठ्ठी, पंजी यांवर तीस केले. मी तीस पुरे केले, तर यजमानाने चाळीस. सहाव्या पत्त्याला पुन्हा तेच. मी मधे, हे दोघं दोन्ही बाजूंनी चढवतायत. मला वाटत राहिलं, एक्केवाल्याकडे एक्क्यांची जोडी असणार, तिला माझ्या दोन जोड्या भारी आहेत.

शेवटच्या पत्त्याला मी चेक केलं, म्हणजे पैसे न टाकता पुढच्याला बोलू दिलं, यजमानाने दहा टाकले, आणि आतापर्यंत तावातावाने चढवणारा जोडीदार गुपचूप पॅक झाला. मी दहा भरले. यजमानाने तीन छक्क्या दाखवल्या, पहिल्या तीन पत्त्यांतच जमलेल्या. एका डावात माझे शंभरावर गेले. हरण्याचं काही नाही, तीन छक्क्या दोन जोड्यांना मारतातच. पण जोडीदाराने पत्ते फेकले तेव्हा झाकलेल्यांतले दोन उलटून पडले, दहिली आणि गुलाम. एक्का, अठ्ठी, पंजी, दुर्री, दहिली, गुलाम. ना जोडी, ना सिक्वेन्स, ना एका रंगाचे चार. असल्या कचऱ्यावर कुणी दोन फेऱ्यांत ऐंशी डॉलर घालवत नाही, त्यातले स्वतःहून रेज करून तर नाहीच. ते पैसे त्याने मला पॉटमध्ये धरून ठेवायला आणि मित्राच्या छक्क्या लपवायला घातले होते. रात्री मागे बसून वाटून घेतले की हिशेब बरोबर.

त्याचे बाकीचे पत्ते बघू का, असं मी विचारलं. यजमान हसून म्हणाला, "आमच्याकडे तशी पद्धत नाही," आणि सगळे पत्ते गोळा करून पिसायला घेतले. कॅसिनोत डीलर पगारी असतो, वर कॅमेरा असतो आणि शंका आली तर फ्लोअरवरच्या माणसाला हाक मारता येते. इथे वाटणारा, पॉटमधून घराचा कट काढणारा आणि जिंकणारा एकच गृहस्थ.

त्यानंतर मी अँटी भरून पॅक होत नुसता बघत बसलो. झाकलेल्या पत्त्यांवर एक चिप ठेवायची दोघांनाही सवय होती, तशी ती पुष्कळांना असते. पण एकाने चिप पत्त्यांच्या मधोमध ठेवली की दुसरा काहीही हातात नसताना चढवायला लागायचा, आणि कोपऱ्यावर सरकवली की दुसरा निमूट बाजूला व्हायचा. दर वेळी. दोघं एकमेकांशी शेवटपर्यंत कधीच भिडले नाहीत. तिसरा पॅक झाला की दोघांमधली लढाई तिथेच संपायची, "चल, सोडतो तुला."

पोलिसांकडे का गेलो नाही, असं विचारलं जातं. पॉटमधून कट काढून घरात डाव चालवणं न्यू जर्सीत गुन्हा आहे, चालवणाऱ्यासाठी. पण तक्रार द्यायची तर आपण तिथे काय करत होतो हे सांगावं लागतं, आणि व्हिसावर असलेला माणूस ती पायरी शक्यतो चढत नाही. बोलावलेल्यांत आपल्यासारखेच का जास्त असतात, याचं उत्तर यातच आहे.

मला तिथे नेणारा आमच्या व्हॉलीबॉलच्या ग्रुपमधलाच, मराठीच. हे सगळं सांगितल्यावर त्याला फारसं आश्चर्य वाटलं नाही. बरंच छेडल्यावर कबूल झालं की नवा माणूस आणला की त्या रात्री त्याची शंभर डॉलरची बाय-इन, म्हणजे डावात बसायला लागणारे पैसे, घराकडून असते. ग्रुपवर त्याचं "स्टड शिकायचंय का कुणाला?" अजून अधूनमधून येतं. विचारा त्याला, तुझे पैसे कोण भरतं म्हणून.