‘रिसेट धिस पीसी’: फायली राहतात, फॉन्ट जातात

ऐन लग्नसराईत आमच्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पानं जुळवायच्या, कॉम्प्युटरने मान टाकली. लाईट गेली, आली आणि तेव्हापासून विंडोज १० सुरू व्हायच्या आधीच परत बंद. कोपऱ्यावरच्या दुकानात नेला असता तर ‘ताई, फॉरमॅट मारावा लागेल’ हे ठरलेलंच. म्हणून आधी विंडोजच्या पोटातलीच सोय वापरून बघितली.

विंडोज सुरू होताना लागोपाठ अडकलं की दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. मशीन चालू असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करायचं. आत ‘ट्रबलशूट’ आहे. तिथल्या ‘स्टार्टअप रिपेअर’ने बराच वेळ फिरून हात टेकले. ‘सिस्टम रिस्टोअर’कडे मागे जायला पॉइंटच, म्हणजे आधीच्या चांगल्या स्थितीची नोंदच, नव्हती. बऱ्याच मशीनवर ती नोंद ठेवणारं ‘सिस्टम प्रोटेक्शन’ मुळात बंदच असतं, त्यामुळे चांगली सोय ऐनवेळी कुचकामी ठरते.

मग विंडोज नव्याने बसवणारं ‘रिसेट धिस पीसी’. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं. विंडोज नेटवरून घ्यायचं की मशीनमधूनच, असंही विचारतं. नेटवरून घ्यायचं तर चार जीबीच्या आसपास डाउनलोड होतं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते परवडत नाही, म्हणून मी मशीनमधलंच घेतलं. इन्व्हर्टरवर असल्याशिवाय मात्र या वाटेला जाऊ नका. आणि डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. बहुतेक वेळा ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

काम चोख झालं. डेस्कटॉपवरच्या पत्रिका, डॉक्युमेंट्समधली बिलं, डी ड्राइव्हवरचे जुने अंक, सगळं जागच्या जागी. काढून टाकलेल्या प्रोग्रामची यादीही डेस्कटॉपवर ठेवलेली, हे मला फार आवडलं. आणि वर पैसा एक नाही.

आता आमच्या धंद्याचं दुखणं. फायली राहतात, पण आपण टाकलेले फॉन्ट जातात. कृतिदेव या जुन्या, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या फॉन्टमधली पत्रिका उघडा, ‘मराठी’च्या जागी ई, जे, के, मोठा बी, एच अशी इंग्रजी अक्षरं ओळीने उभी! मजकूर शाबूत असतो, फॉन्ट परत टाकला की दिसतो, पण हे माहीत नसलेल्या माणसाला वाटणार की फाइल खराब झाली. नवऱ्यामुलीच्या वडिलांना त्या वेळी पडदा दाखवू नये. युनिकोडमधल्या, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या, फायलींना यातलं काही होत नाही, त्या विंडोजसोबतच येणाऱ्या निर्मला यूआय फॉन्टमध्ये सरळ उघडतात. प्रिंटरचा ड्रायव्हर, पानं मांडायचं पेजमेकर आणि इतर सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागतं. माझ्याकडे फॉन्टचा पेन ड्राइव्ह कायम पर्समध्ये असतो, म्हणून संध्याकाळपर्यंत प्रूफ गेलं.

घरच्या, शाळकरी पोरांच्या कॉम्प्युटरसाठी पाचपैकी साडेचार. डीटीपीवाल्यांसाठी साडेतीन, आणि तेही फॉन्ट नि सॉफ्टवेअरच्या सेटअप फायली वेगळ्या ठेवलेल्या असतील तर. मशीन विकायचं असेल तर मात्र ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घ्या, सगळे ड्राइव्ह निवडा आणि ते साफ करायचं बटण चालू करा. वेळ खातं, पण गिऱ्हाइकांचे फोटो आणि पत्ते दुसऱ्याच्या हाती जात नाहीत. आणि रिसेटने १० चं ११ होत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याची सोय वेगळी बघावी लागते.